फोटोमागची तारीख

सोर्सोगोन, १२ सप्टेंबर

प्रिय निकानोर,

तू बहरीनहून पाठवलेला खजुराचा डबा पोचला. अर्धे खजूर मुंग्यांनी खाल्ले, उरलेले मी. तक्रार दोघांचीही नाही. माझी तक्रार दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही. फोनवर तू "बरं मानाय, बघू मानाय" म्हणतोस आणि मोकळा होतोस. थोरल्या बहिणीचं पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मागच्या मंगळवारी पिली फोडताना गटातल्या बेबांगचं बोट गेलं. डाव्या हाताची तर्जनी, पहिल्या पेरापासून. आपल्या आईची गेली होती तिथूनच. पिलीच्या झाडाची बी दाण्यासाठी कशी फोडतात ते तू विसरला नसशील. दगडासारखी बी ठोकळ्यावर उभी धरायची, कोयता हाणायचा, आणि बी फुटते की बोट हे देवावर सोडायचं. बायकांच्या गटाकडे तू शोधलेल्या पिली फोडायच्या यंत्राच्या अकरा नकला होत्या, तुझ्या जुन्या दोस्ताने, क्लेमेन्तेने त्याच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये बनवलेल्या. चार वर्षांत एकीलाही ओरखडा आला नाही. जूनमध्ये त्या मिठाईच्या कंपनीची नोटीस आली: यंत्राच्या पोटातल्या दोन स्प्रिंगांचं पेटंट आमचं आहे, यंत्रं बंद करा. आता अकराही यंत्रं ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहेत आणि कोयते पुन्हा बाहेर आलेत.

बरं, कंपनी स्वतः तरी यंत्र बनवून विकते का? नाव नको. तिच्या मिठाईच्या कारखान्यात दोन यंत्रं आहेत, ती पाहुण्यांना दाखवायला. बाकी सगळी पिली आपल्याच बायकांकडून कोयत्याने फोडून घेतात, कारण तेच स्वस्त पडतं. पेटंट म्हणजे नव्या कल्पनेभोवतीचं कुंपण, असं त्या सरकारी शिबिरात आपल्याला सांगितलं होतं. कुंपणाच्या आत काहीतरी पेरलेलं असावं लागतं, हे सांगायचं राहिलं असावं.

ते शिबिर आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. तुला पदक दिलं, चौकात तुझा फलक लावला, त्यावर नाव 'निकोनार'. अर्ज संशोधक सप्ताहात भरा म्हणजे शुल्कात सूट मिळेल, म्हणून तुला थांबवलं. मग तुझी अर्जासाठीची चित्रं परत आली, रेघा बारीक आहेत म्हणून. दुसऱ्यांदा परत आली, रेघा जाड आहेत म्हणून. या रेघांच्या खेळात वर्ष उलटलं, आणि कायदा तर म्हणतो की वस्तू लोकांना दाखवल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. आपला गेला चौदाव्या महिन्यात. कंपनीचा गेला तेराव्या. उशीर दोघांनाही झाला होता, पकडलं फक्त आपल्याला.

आणि वस्तू लोकांना दाखवली कोणी? आपणच. सान इसिद्रोच्या सणाला. आपल्याकडे जीप घेतली, डुकरांचा गोठा बांधला, तरी पाद्रेने पाणी शिंपडल्याशिवाय कोणी हात लावत नाही, मग यंत्र तसंच कसं सुरू करायचं? तू म्हणाला होतास, आधी मनिलाला कागद पाठवू. मीच म्हणाले, आधी देव, मग मनिला. सगळा गाव अंगणात. पाद्रे आम्ब्रोसियोंनी झाकण उघडायला लावलं, आतही शिंपडायचं होतं त्यांना. आणि तुझी एक स्प्रिंग सुटली, त्यांच्या कानाजवळून गेली आणि पॅन्सितच्या परातीत पडली. पाद्रे म्हणाले, "सैतान निघाला वाटतं आतून." तू नूडल्समधून स्प्रिंग शोधून काढलीस, सदऱ्याला पुसलीस आणि परत बसवलीस. मग आईने पहिली बी फोडली. दाणा अख्खा निघाला.

हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्या शपथपत्रात यातलं काहीच नाही. अर्ज तगावा म्हणून आपल्या तेव्हाच्या वकिलाने तुझ्याकडून लिहून घेतलं की सणाच्या दिवशी यंत्र अर्धवट होतं, स्प्रिंगा नंतर बसवल्या. अर्ज काही तगला नाही. यंत्राचा सणातला फोटो पुढे करून, वर्ष उलटलं म्हणत, कंपनीने तो पाडला, आणि तुझी शपथ पुढे करून स्वतःचा तारला: संशोधकच म्हणतो ना, स्प्रिंगा तेव्हा नव्हत्या? म्हणजे त्या नव्या, म्हणजे त्या आमच्या. तुझ्या त्या एका खोट्यावर त्यांचं पेटंट उभं आहे. स्प्रिंग उडताना पाहिलेला सगळा गाव साक्षीला आणला, तरी तुझी सही त्यांच्या खिशात आहे.

कंपनीच्या पेटंटवर मनिलाला सुनावणी २४ ऑक्टोबरला आहे. गटाच्या वकीलबाई तरुण आहेत, पण पोकळ नाहीत. त्या म्हणतात, तू तिथल्या आपल्या देशाच्या वकिलातीत जाऊन खरं लिहून दिलंस तर ते पेटंट रद्द होऊ शकतं. मग स्प्रिंगा कंपनीच्याही नाहीत आणि तुझ्याही नाहीत, कोणीही बनवाव्यात. तुझा हक्क कायमचा जाईल. आणि खोटी शपथ कबूल केल्याबद्दल तुझ्यावर खटला होऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी ते लपवत नाही.

क्लेमेन्तेने मला पत्र लिहायला मनाई केली होती. म्हणाला, "मानाय, त्याला नका कळवू. आठ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही, आता म्हणेल गरज पडली म्हणून हात पसरतोय." तू त्याच्याशी का बोलत नाहीस ते गावाला माहीत आहे. तो फोटो कंपनीला त्याने दिला, असं तू धरून चाललास, कारण कॅमेरा त्याचा होता.

निकानोर, फोटो मी दिला. सणांवर पुस्तिका काढतोय म्हणून एक इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस दारात आला. मी त्याला कॉफी दिली, अल्बम दाखवला. त्याने फोटो उलटून पाहिला आणि म्हणाला, "किती सुंदर अक्षर हो तुमचं." शाळेत सिस्टर अगाथा शिकवायची, तारीख नसलेला कागद म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं मूल. चौतीस वर्षं नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, तारीख घातल्याशिवाय माझ्या हातून काही सुटत नाही. फोटोमागे दिवस, महिना, वर्ष, तुझं नाव, सगळं ठसठशीत. मी तो काढून त्याच्या हातात ठेवला. नंतर तू क्लेमेन्तेला दारातून हाकललंस तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले नाही. आज सकाळी त्याच्या शेडमध्ये जाऊन त्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो पुन्हा वेल्डिंग करायला लागला. मनिलाला मी जाणार आहे आणि तिथेही हेच सांगणार आहे. तू तुझं लिहून दे किंवा नको देऊस; पण क्लेमेन्तेला आज फोन कर.

तुझीच,
मानाय सोलिंग