सुजलेला दंड

३ ऑगस्ट
सकाळी उठवायला गेले आणि दचकले. उशीवर रेश्माचा चेहराच नाही! पापण्या टरारलेल्या, डोळ्यांच्या नुसत्या फटी. आवाज मात्र तिचाच — "आई, अंधार का केलास?" खिडकी सताड उघडी होती.

५ ऑगस्ट
कडेगावातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. किडनीतून प्रोटीन जातंय, म्हणून सूज. औषध चालू. नडगीवर अंगठा दाबून पाहिला — खड्डा पडला तो भरेचना.
शेजारच्या हरणाबाई दारातच थबकल्या. "ही कुणाची गं पोर?" रोज हिला मांडीवर घेऊन बसणारी बाई!

८ ऑगस्ट
बीपी वाढलंय म्हणे. लहान मुलांची पट्टी कशीबशी दंडाला बसवली, मशीन घरघरलं, आकडा चढत गेला. पुन्हा घेतलं — अजून वर! रेश्मा खुर्चीत पाय हलवत हसत होती. गोळी दिलीय. पट्टीचा ठसा घरी येईपर्यंत दंडावर तसाच.

९ ऑगस्ट
माझे सासरे, आबा, फौजेतले; बीपीचं मशीन घरातच. आबांनी त्यांची मोठी पट्टी तिला लावली. आकडा एकदम खाली! "बिघडलं आसंल," म्हणत स्वतःला लावलं — त्यांचं रोजचंच आलं. मग खरं कुठलं? एका अंगात दोन पोरी आहेत की काय!

१० ऑगस्ट
गोळी दिली. डॉक्टरांचं नाही ऐकायचं तर कुणाचं?

११ ऑगस्ट
दुपारी भात कालवत होते. रेश्मा उठली, म्हणाली, "आई, तू लांब लांब का चाललीस?" मी तर समोरच होते! तेवढ्यात कोसळलीच. हात बर्फ. "आधी गाडी काढा रं!" — आबा ओरडले. सांगलीपर्यंत मी तिला हाका मारत होते. डोळे उघडायची, माझ्याकडे बघायची — अनोळखी बाईकडे बघावं तसं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी टेपनं आधी दंड मोजला. "सुजेनं दंड जाड झालाय. पट्टी आखूड पडली की आकडा खोटाच वर जातो." रुंद पट्टी लावली. बीपी पार तळाला. गोळी बंद, सलाईन चालू.
खोटा आकडा उतरवायला मी पोरीला खरी गोळी चारत होते!
रेश्माच्या बाबांना, वीरधवलना, पोस्टिंगवर फोन लावला. गोळीचं नाव दोनदा विचारून घेतलं.

१९ ऑगस्ट
सूज ओसरतेय. नाक दिसायला लागलं. "आबा, भडंग पायजे!" खारट बंद आहे, तरी आबा वॉर्डातून खाली उतरून पुडी घेऊन आले आणि हातात धरून रडत बसले. "वळाकलं गं हिनं मला."

२८ ऑगस्ट
तपासणी. दंड आता काडीसारखा. डॉक्टरबाईंनी टेप लावला, मापाची पट्टी निवडली, रेश्माला शांत बसवून थांबत थांबत तीनदा बीपी घेतलं. तिन्ही वेळा वर. मी हसले — "पट्टी चुकली असेल."
"नाही, क्रांतीताई. या वेळी बरोबर आहे."