आलेलुयाची पट्टी

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादरनी कपाळाला राख लावली. "तू माती आहेस—" वगैरे. मान खाली घातली, पण मन काही खाली गेलं नाही.

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांचं एकच. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात कोण काय सोडणार? आई साखर सोडणार. बेकरीवाला सिगारेट सोडणार (दरवर्षी सोडतो, दुसऱ्या रविवारी धरतो). मला विचारलं. म्हटलं, "अजून ठरलं नाही."

ठरलंय. मी काहीएक सोडणार नाही. यंदा कोकिळेला तर मुळीच सोडणार नाही!

अख्खं चर्च तिला कोकिळा म्हणतं. मीही तोंडावर "मावशी, मावशी" करते. तीन वर्षं करतेय. ती गाते, मी ऑर्गनवर साथ देते. लोकांना वाटतं काय जोडी आहे!

तीन वर्षांपूर्वी धाकटीचं, माझ्या बहिणीचं, लग्न ठरलं होतं. स्थळ मीच आणलं होतं—घड्याळवाल्याचा एकुलता एक मुलगा, चालतं दुकान, वर स्वतःचं घर. साखरपुडा झाला. कपडे शिवून आले. आणि एका संध्याकाळी घड्याळवाला दारात उभा: "पोरीला फिट येतात हे लपवलंत?" फिट! माझ्या बहिणीला साधी चक्कर कधी आली नाही. कुणी सांगितलं? "तुमच्या कोकिळेनं."

तशीच तिच्याकडे गेले. वाटलं, नाकारेल, रडेल, शपथा घेईल. छे! भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "हो, मीच सांगितलं." का? "सांगणं भाग होतं." बस्स. पुन्हा भाजी निवडायला लागली.

लग्न मोडलं. त्यानंतर धाकटी महिन्याभरात दुसऱ्या शहरात गेली, नर्सची नोकरी धरून. सणालासुद्धा येत नाही. आई तिच्या रिकाम्या खाटेवर धुतलेली चादर घालते अजून.

२२ फेब्रुवारी

हॉलमध्ये ईस्टरचा सराव सुरू. उपवासकाळात "आलेलुया" शब्द तोंडातून काढायचा नाही, म्हणून आम्ही "ला-ला-लूला" म्हणतो. सगळ्या हसतात. कोकिळाही हसली—आणि खोकली. खूप वेळ खोकली. मी वाजवणं थांबवलं नाही.

६ मार्च

चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. येशू दुसऱ्यांदा पडतो, त्या चित्रापाशी आलो. मी पुढच्या बाकावरच्या तिच्या मानेकडे बघत होते.

१४ मार्च

पापनिवेदनाला गेले. आई मागेच लागली होती.

फादरना सांगितलं, माझ्या मनात एका बाईबद्दल राग आहे.

"किती दिवसांचा?"

"दिवसांचा नाही, वर्षांचा."

"तिला क्षमा करायची इच्छा आहे?"

"नाही."

जाळीपलीकडून म्हणाले, "निदान इच्छा व्हावी अशी प्रार्थना कर. तेवढं जमेल?"

"नाही, फादर."

त्यांनी सुस्कारा सोडला. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात, दुपारभर त्या खोक्यात बसून लोकांची धुणी धुवायची! वाईट वाटलं. पण खोटं कसं बोलू? तेही पापनिवेदनात!

तशीच उठून आले. आईला म्हटलं, झालं.

१९ मार्च

ती आज घरी आली! साखरपुडा मोडल्यापासून पहिल्यांदाच. आई तिला बघून आत निघून गेली आणि भांडी आपटायला लागली.

कोकिळा खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी घेतलं नाही. म्हणाली, "बाळ, एक काम आहे. कुणाला बोलू नकोस. घशात गाठ आहे. ईस्टरनंतर ऑपरेशनची तारीख दिलीय. पुढे आवाजाचं काय होईल, डॉक्टर सांगत नाहीत—म्हणजे सांगितल्यासारखंच. एवढा ईस्टर गाते. पण माझ्या नेहमीच्या पट्टीत तो वरचा सूर आता लागत नाही. दोन पट्ट्या खाली घेशील?"

मी म्हटलं, "घेईन की मावशी."

किती गोड म्हटलं मी! मलाच ऐकू येत होतं.

ती गेल्यावर आई बाहेर आली. "काय पाहिजे होतं त्या भवानीला?"

"काही नाही. सूर."

२० मार्च

देवानं स्वतःच्या हातानं आणून दिलं. मी मागितलंही नव्हतं.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

सरावात दोन पट्ट्या खाली घेतलं. छान लागला आवाज तिचा. खरंच छान. हे लिहिताना बोटं आखडतात, पण खोटं कशाला लिहू! खालच्या पट्टीत तो जास्त जड, जास्त खरा वाटतो. मागच्या रांगेतल्या बायका पुढे वाकून ऐकू लागल्या.

जाताना तिनं माझा हात धरला. "तुझ्यामुळे जमतंय गं." हात सोडवून घेतला. घरी येऊन साबणानं धुतला.

आमच्या ऑर्गनला पट्टी वर-खाली करायचं बटण आहे. एक बोट पुरतं. दोनदा खाली दाबायचं की एकदा वर, ते मात्र वाजवणाऱ्याच्या हातात.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार

फादरनी बाराजणांचे पाय धुतले. बेकरीवाल्याच्या पायाला गुदगुल्या झाल्या, कसंबसं हसू दाबलं त्यानं. ग्लोरियाचं स्तोत्र वाजवून ऑर्गन बंद केला. आता ईस्टरच्या मिस्सेपर्यंत झाकण उघडायचं नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन: "ताई, येतेय. ईस्टरला दुपारच्या बसनं." आई रडली. मग लगेच गादी उन्हात घालायला हवी म्हणाली—अंधार पडल्यावर!

बरं झालं येतेय. तिलाही कळू दे, इथं कुणीतरी तिची बाजू घेतली.

३ एप्रिल, शुभ शुक्रवार

क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग होती. ती माझ्या पुढे होती. तिनं ओठ टेकवले तिथे मी टेकवले नाहीत. बाजूला टेकवले.

५ एप्रिल, ईस्टर

केलं.

चर्च तुडुंब. मागच्या दारापर्यंत माणसं उभी. मी एकदा वर दाबलं. तिच्या नेहमीच्या पट्टीच्याही वर. सुरुवातीचे चार सूर वाजवले, आणि तिला कळलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. डोळ्यांत राग नव्हता, काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग समोर बघून सुरू केलं.

पहिलं आलेलुया निभावलं. दुसरं थरथरलं. तिसऱ्याला तो वरचा सूर—फाटला. जुनी चादर फाटते तसा, लांबच लांब! कुणीतरी पोर खुदकन हसलं. फादरनी मान खाली घातली. ती थांबेल वाटलं. थांबली नाही. त्याच फाटक्या आवाजात शेवटपर्यंत गेली, मग बाकीच्या बायकांनी सावरून घेतलं. माझी बोटं चालूच होती. एकही सूर चुकला नाही.

बाहेर फादरनी तिला विचारलं, "काय झालं हो?" आता माझं नाव घेईल, म्हणून मी तयार होते. चार शब्द ऐकवायचेच होते, सगळ्यांदेखत! ती म्हणाली—म्हणाली कसली, कुजबुजली, "गळाच दगा देतोय फादर. पोरीनं बाकी सुरेख वाजवलं."

तेवढंही समाधान मिळू दिलं नाही मला!

आईला घरी सांगितलं, बटणासकट. आई म्हणाली, "बरी जिरली!" आणि मला जास्तीचं वाढलं. घास गिळत होते, पण चव लागत नव्हती. उपवासकाळाची सवय, दुसरं काय.

दुपारी धाकटी आली. वाळलीय. केस कापलेत. जेवायला वाढता वाढता आईनं सगळं सांगून टाकलं, हातवारे करून. धाकटी ताटावर बसली होती. उठली. हात धुतले. चप्पल घातली.

"कुठे?" आई.

"मावशीकडे."

अंधार पडल्यावर परत आली. भिंतीकडे तोंड करून झोपलीय.

६ एप्रिल

सकाळी बोलली. आवाज न चढवता.

"साखरपुड्यानंतर त्यानं दोनदा हात उगारला, ताई. मी तुला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात. तू म्हणालीस, लग्न झालं की निवळतात. मग मी मावशीकडे गेले. फिटचं मीच सुचवलं. म्हटलं, घरी माझं नाव सांगू नका, मला मारतील नाहीतर पुन्हा त्यालाच देतील. तिनं नाही सांगितलं."

ऑपरेशन उद्या आहे. धाकटी तिच्यासोबत राहणार आहे हॉस्पिटलमध्ये. मी विचारलं, मी येऊ का?

म्हणाली, "मावशीला विचारते."