झाकणाच्या आतली खूण

लालबाग, मुंबई
ता. ६ जानेवारी १९५७

रा. भिवा भावोजी यांस,

सुभद्राचा नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत. लवूचा खोकला गेला. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवा. तुम्ही धाडलेले कुळीथ पोचले, पण निम्मे किडके निघाले. दुकानदाराने तुम्हाला फसवलं की तुम्ही मला, देव जाणे. थट्टा केली हो.

गणपतीत तुम्ही माझ्या हातात ठेवलेलं ह्यांचं घड्याळ मी रोज सकाळी चावी देऊन फडताळात ठेवते. लवू मोठा झाला की त्याच्या मनगटावर बांधायचं आहे. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, घड्याळ नुसतं जपून ठेवलं तरी आतलं तेल सुकतं, सर्व्हिस करून घ्या. म्हणून परवा गिरणीवाल्यांचे डबे आटोपून परळच्या घड्याळवाल्या तात्यांकडे गेले. हे नेहमी त्यांच्याकडेच जायचे. घड्याळजी आतले चांगले भाग गुपचूप बदलतात, तेव्हा काम होईस्तोवर समोरून हलायचं नाही, ही ह्यांची शिस्त. मीही स्टुलावर ठाण मांडलं.

तात्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "सर्व्हिस कशाला? तेल ताजं आहे की."

मला वाटलं, म्हातारा टाळतोय. नाहीतर काहीतरी काढून घेतलंन. म्हटलं, "हे गेल्यापासून कोणी उघडलेलं नाही. उगाच काय सांगता?"

तेव्हा त्यांनी झाकण उलटं करून दाखवलं. घड्याळ दुरुस्त केलं की हे लोक झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि महिना कोरतात. जुन्या खुणा तात्यांच्याच होत्या. शेवटची मात्र, तात्या म्हणाले, गिरगावच्या कुशाबांची, जुलै छप्पन्नची.

भावोजी, हे ज्यात गेले तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला गोळीबार गेल्या जानेवारीतला. इस्पितळात जाऊन तुम्ही ओळख पटवलीत. प्रेत ताब्यात मिळालं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. घड्याळ तिथल्या एका नोकराने जपून ठेवलं होतं आणि गणपतीच्या तोंडावर तुमच्याकडे पाठवलं म्हणालात. मग जुलैत ते गिरगावात कोणी नेलं? मी आधी त्या नोकरालाच चोर ठरवलं. मग, खोटं कशाला बोलू, तुम्हालाही ठरवून झालं.

काल गिरगावात गेले. कुशाबांनी घड्याळ लगेच ओळखलं. म्हणाले, "उजव्या हाताला बांधणारे ना? डाव्या हाताचं बोट गिरणीत गेलेलं. तुमच्यासारखेच समोर बसून राहिले. उद्या या म्हटलं तर ऐकेनात. मुलाला द्यायचंय म्हणाले, नीट चाललं पाहिजे."

घड्याळ उचललं आणि घरी आले.

मला राग आलाय, भीती वाटतेय, आणि आनंदही झालाय, ज्याची मलाच लाज वाटते. हे पोलिसांपासून लपलेत का? दुसरा संसार मांडलाय का? सोडून जाणारा माणूस घड्याळाला तेल घालून पाठवतो का, भावोजी? आणि मुलाची आठवण येते, तर माझी का येत नाही? सासूबाईंनाही ठाऊक असणार. गणपतीत त्या माझ्याकडे मान वर करून बघत नव्हत्या. मला वाटलं, माझं उघडं कपाळ त्यांना बघवत नाही.

एकवीस तारखेला चाळीसमोर समितीची सभा आहे. हुतात्म्याची पत्नी म्हणून मला मंचावर बसवणार, लवूला हार घालणार. ज्यांची माणसं खरोखर गेली त्या बायका माझ्या शेजारी असतील. त्यांच्या तोंडाकडे मी कशी बघू? अजून मी कोणाला काही सांगितलेलं नाही.

सभेआधी तुम्ही स्वतः या, आणि ह्यांना जिथे असतील तिथून बरोबर आणा. उत्तर लिहू नका. पत्रात खोटं बोलणं तुम्हाला फार सोपं जातं. दोघंही आला नाहीत, तर मंचावर उभी राहून मी सगळ्यांसमोर हे झाकण उघडीन. मग चाळ काय ती म्हणो.

सासूबाईंना नमस्कार सांगा. सवाष्ण सुनेचा म्हणूनच सांगा.

तुमची वहिनी,
सौ. सुभद्रा