शेवटच्या खांबापर्यंत

स्टर्म काउंटी, नेब्रास्का
६ मार्च १९९४

चि. लव्हॉन हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिते आहे, कारण काल फोनवर तू मला तीनदा ‘कमिशनर’ म्हणालीस. मी तुझी मावशी आहे. तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या आईला झोपायला पाठवून रात्रभर मी बसले होते. तेव्हा यापुढे पत्रच. पत्रात निदान मी मध्येच फोन ठेवून देऊ शकत नाही.

कोंबड्या बऱ्या आहेत. गुडघा तसाच आहे. परवा चर्चच्या जेवणाला खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, केले होते, सगळे संपले. जेवताना विषय एकच, तुझा कचरा डेपो आणि तुझी फी. कोणी म्हणालं की कचरा विकत घेताना पैसे, टाकतानाही पैसे, उद्या त्याच्याकडे बघायचे पण लावतील. मी हसले. हसायला नको होतं का?

खरं सांगते, मला पटत नाही. इथून तुझ्या डेपोच्या वजनकाट्यापर्यंत बेचाळीस मैल. पिकअपमध्ये पेट्रोल घाला, अर्धा दिवस घालवा, आणि वर पैसे मोजा. माझ्या अंगणात जाळायचं पिंप आहे. तुझा एमिलकाका होता तेव्हापासून आहे. त्यात दोन पिशव्या टाकल्या, काडी लावली, झालं.

जूनमध्ये आमच्या काउंटी बोर्डापुढे ठराव येतोय: डेपोसाठीच्या तीन काउंट्यांच्या करारात राहायचं की बाहेर पडायचं. आम्ही तीन कमिशनर. एक हो म्हणणार, एक नाही. उरले मी. एमिल गेल्यावर बोर्डावरची त्याची खुर्ची सांभाळायला म्हणून बसले, आणि आता ही पाळी.

तू मात्र अजून सामानाची खोकी टाकली नाहीस ना? ओमाहाहून येऊन वर्ष झालं, आणि रिकामी खोकी घड्या घालून दाराआड उभीच. मागे आले तेव्हा पाहिली. विचारलं नाही.

जपून राहा. माझा लोभ आहेच, त्याला फी नाही.
तुझी,
आर्डिस मावशी

हॅडली काउंटी
१२ मार्च १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं. हसलीस ते चाललं. मीसुद्धा हसले असते, पण मला दर महिन्याला हिशेब लावावा लागतो.

भाषण देत नाही, एकदाच सांगते. सरकारच्या नव्या नियमांनी गावोगावचे उकिरडे बंद झाले. घाण जमिनीत मुरू नये म्हणून तळाला अस्तर घातलेला खड्डा एकट्या काउंटीला परवडेना, म्हणून हॅडली, ऑर्विल आणि स्टर्म यांनी मिळून एक केला. गाडी काट्यावर येते, वजन होतं, टनावर फी. त्या फीतच सगळं आलं: डिझेल, पगार, अस्तराचं कर्ज, आणि खड्डा भरून बंद झाल्यावर पुढची तीस वर्षं तिथलं पाणी तपासायचे पैसेसुद्धा. कराचा एक पैसा त्यात नाही. कचरा कमी आला म्हणून खड्ड्याचा खर्च कमी होत नाही, मावशी. फक्त तो थोड्या लोकांवर पडतो. मग फी वाढते. वाढली की आणखी लोक पिंपं पेटवतात.

या हिवाळ्यात स्टर्मचा कचरा जवळजवळ आलाच नाही. तुम्ही बाहेर पडलात तर उरलेल्या दोघांना हे झेपणार नाही. डेपो बंद करावा लागेल, आणि डेपो गेला की माझी नोकरी गेली. हे तुला दडपण आणायला लिहीत नाही. पण खोक्यांबद्दल तू विचारलंस, म्हणून. त्यांना हात लावायचा धीर होत नाही. घटस्फोटानंतर परत आले तेव्हा वाटलं होतं, आता इथेच. पण पुन्हा निघावं लागलं तर खोकी कुठून आणू?

हे मावशी म्हणून वाच. कमिशनरला दाखवू नकोस.

गुडघ्याला शेक देत जा. माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
लव्हॉन

स्टर्म काउंटी
३ एप्रिल १९९४

चि. लव्हॉन हिस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. वारा फार आहे. मी केस बारीक कापून घेतले, हलकं वाटतं. गवताच्या गंजी यंदा जरा कमी पडतील, वासरं दोन विकीन म्हणते. वीज मध्ये नव्हती, आता आली. दुसरं विशेष काही नाही.

कमिशनरला तुझं पत्र दाखवलं नाही. पण ती बाई माझ्या घरातच राहते, त्याला मी काय करू?

तुझी,
आर्डिस मावशी

हॅडली काउंटी
७ एप्रिल १९९४

ती. मावशी,
नमस्कार. रागावले आहे, म्हणून बाकीचा मायना नाही.

तू केस का कापलेस ते मला मायरन डोर्मनकडून कळावं? तोच, बियाणं विकतो तो, आमच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांतला. काल काट्यावर आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की तुमच्या मावशीबाईंना पुढल्या वेळी सांगा, ओल्या पोत्यानं गवताची आग विझवायचं वय राहिलं नाही. मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्यानं सगळं सांगितलं. पिंपातून पेटती प्लास्टिकची पिशवी उडाली, कुरणात पडली, गंजी गेल्या, एमिलकाकांनी लावलेली सीडरची झाडं गेली. तुमच्या काउंटीचा एकच पाण्याचा ट्रक, तोही म्हातारा. म्हणून हॅडलीहून दोन गेले. ते पोचले तेव्हा तुझे पुढचे केस जळले होते आणि तू तशीच पोतं आपटत होतीस, आणि त्यालाच ओरडलीस की चाकं माझ्या भाजीच्या वाफ्यावरून नेऊ नकोस.

एवढं होऊन तू मला वाऱ्याचं आणि वासरांचं लिहितेस. काय म्हणू तुला? तुला काही झालं असतं तर? आई गेली. आता तूच आहेस.

ठरावाचं मरू दे. तू कशी आहेस ते खरं लिही.

तुझीच,
लव्हॉन

स्टर्म काउंटी
१५ एप्रिल १९९४

चि. लव्हॉन हिस,
अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या रागालाही. मला लाज वाटत होती. चर्चमध्ये मोठ्या तोंडानं सांगितलं होतं की फी भरण्यापेक्षा जाळीन. तसंच झालं, नाही का? जाळलं.

हात थोडे भाजले होते, आता बरे आहेत. झाडांचं मात्र वाईट वाटतं. एमिल उन्हाळ्यात बादल्यांनी पाणी घालायचा त्यांना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता एकदम दूरवर दिसतं. मला इतकं दूर बघायची सवय नाही.

पण लिहायचं वेगळंच आहे. आगीत विजेचा खांब गेला. आपल्या घराचा, लाइनीवरचा शेवटचा. त्याच्यापुढे कोणी राहत नाही. तीन रात्री कंदिलात काढल्या. मग सहकारी वीज संस्थेची माणसं आली, दिवसभर खपली, नवा खांब उभा केला, तारा ओढल्या. मी सँडविच केली आणि विचारलं की बिल कधी पाठवणार, आग माझ्याच पिंपाची आहे. त्यांच्यातला मोठा माणूस म्हणाला की नियमानं बघायचं तर तसं बिल निघतं, पण खांब तसाही म्हातारा होता, बदलायच्या यादीत होता. मी म्हटलं की एवढा खर्च एका म्हातारीच्या दिव्यासाठी? तो खात खात म्हणाला की मावशी, खर्च दरातच धरलेला असतो. गावातला माणूस आणि तुम्ही, युनिटला दर एकच. नाहीतर गावाबाहेर दिवाच लागला नसता.

तो गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून होते. एकोणपन्नास साली लाइन आली तेव्हा मी आणि तुझी आई दोघी याच घरात होतो. तुझ्या आईनं, डेलोरिसनं, सगळ्यात आधी काय केलं असेल? तळघरात धावली. तिथला दिवा लावायची, विझवायची, पुन्हा लावायची. बिटाच्या बरण्या उजेडात पहिल्यांदाच दिसल्या, आणि त्यांच्यावरची धूळ पाहून आमच्या आईचं तोंड एवढंसं झालं. त्या दिव्याचे पैसे आमच्या बापानं एकट्यानं भरले नव्हते. भरायचे म्हटले असते तर शेत विकावं लागलं असतं. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

आता कमिशनर बोलते. तुमची फी टनाला सारखी आहे, पण तुमचा काटा आमच्यापासून बेचाळीस मैल आहे. वजन मोजलंत, वाट मोजली नाहीत. या टोकाला एक मोठा लोखंडी कंटेनर ठेवा. आठवड्याला तुमचा ट्रक येऊन नेऊ दे. त्याचा खर्च फक्त आमच्यावर नको, सगळ्यांच्या फीत थोडा थोडा घाला, खांबासारखा. असं झालं तर माझं मत करारात राहायला. नाही झालं तर मी तुझ्यासाठीसुद्धा हात वर करणार नाही. हे मी रडतरडत लिहिते आहे, पण लिहिते आहे.

अजून मावशीच आहे, विसरू नकोस.
आर्डिस

ता. क. मायरनला सांग, वाफा वाचला. मुळे येतील तेव्हा देईन. तुझ्या पत्रात त्याची टोपीसुद्धा आली होती, हे मी वाचलं.

हॅडली काउंटी
२४ मे १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वाट मोजली नाही, हे खरंच. फी ठरवताना टेबलाशी मीच बसले होते. सगळ्यांना सारखी म्हणजे न्याय झाला, असं मला वाटलं होतं. मी काट्याजवळ राहते ना.

काल तिन्ही काउंट्यांची बैठक झाली. कंटेनरचं मांडलं. टनामागे एक डॉलर चाळीस सेंट वाढतात, सगळ्यांना. अध्यक्ष गेलन स्ट्रोह म्हणाले की स्टर्मवाल्यांना आता दाराशी कचऱ्याची पेटी हवी, उद्या उचलून न्यायला नोकर मागतील. ऑर्विलचे लोक हसले. मी आकडे दाखवले. स्टर्म बाहेर पडलं तर फी याच्या कितीतरी पट वाढेल, हे सांगितलं. माना हलल्या, पण हात हलेनात. मला वाटलं, गेलं.

तेवढ्यात मागून मायरन उठला. तो बोर्डावर नाही, नुसता ऐकायला आला होता. (कशाला ते विचारू नकोस.) म्हणाला की मार्च संपताना आम्ही दोन ट्रक घेऊन रात्रभर स्टर्ममध्ये होतो. डिझेल हॅडलीच्या करातलं, झोप आमच्या बायकामुलांची, म्हणजे ज्यांना आहेत त्यांची. एका पिंपाची ही कथा. तिकडे घरोघरी पिंप आहे. मला विचाराल तर कंटेनर स्वस्त. आणि तो खाली बसला.

गेलननी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले की त्या आगीला त्यांचा पुतण्याही गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी पेरणीच्या मशीनवर झोपला होता. शेवटी हात वर झाले. सगळे नाही, पण पुरतील इतके. अट एकच: जूनमध्ये स्टर्मनं करारात राहायला मत द्यायचं.

आता चेंडू कमिशनरबाईंकडे. मावशीला मात्र माझ्याकडून एक मिठी.

तुझी,
लव्हॉन

स्टर्म काउंटी
१५ जून १९९४

चि. लव्हॉन हिस,
अनेक आशीर्वाद. काल झालं. दोन विरुद्ध एक, आपण राहिलो.

मत देण्याआधी मी उभी राहून सांगितलं की डेपोची मॅनेजर माझी सख्खी भाची आहे, कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. मग मागच्या बाकावरून म्हातारा ओटो क्लिमेक म्हणाला की या काउंटीत कोण कोणाची भाची नाही, पुढे चला. त्याला नंतर विचारलं, तुझं मत काय? म्हणाला की फी जास्तच आहे. पण कंटेनर केव्हा येतोय?

जागा माझ्या कुरणाच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून. जळकी जमीन आहे, तशीही वर्षभर चरायला उपयोगाची नाही. फाटकाला खांब हवा होता. वीजवाले जुना अर्धा जळालेला खांब टाकून गेले होते. त्याचा खालचा भाग अजून भक्कम आहे. तोच रोवला. वाकडा दिसतो, पण फाटक नीट लागतं.

पिंप चेपून ठेवलं आहे. आधी तेच जाईल.

मुळे आले आहेत. कोणाला द्यायचे ते तुला माहीत आहे. स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं, मी टपालानं मुळे पाठवत नसते.

अशीच लिहीत राहा. जवळ आलीस तरी.
आर्डिस मावशी

हॅडली काउंटी
३० ऑगस्ट १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. कंटेनर शुक्रवारी निघतोय. शनिवारी सकाळी फाटक उघडायचं. तिथे काटा नाही, म्हणून फी पिशवीवर ठरवली आहे, तो फलक आजच पुढे पाठवला आहे. फी वाढल्यावर कुरकूर झाली. पण या महिन्यात स्टर्मच्या वाटेनं आधीच गाड्या येऊ लागल्या आहेत, लोकांना कंटेनरची वाट बघवेना बहुतेक. हिवाळ्यात काय होतं ते बघू. मी घाबरलेलीच असते, तुला माहीत आहे.

मीही शनिवारी येते. मायरन सोडायला येणार आहे, पिकअप त्याची मोठी आहे म्हणून. दुसरं कारण नाही.

सोबत माझाही कचरा आणते आहे. इथला डेपो दहा मिनिटांवर असताना तिकडे का, असं तू विचारशील. तिथेच टाकायचा आहे. दाराआडची खोकी. सगळी.

तुझी,
लव्हॉन

स्टर्म काउंटी
१ सप्टेंबर १९९४

चि. लव्हॉन हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी पायरीवर जाऊन बसले आणि मग आत येऊन कणीक तिंबायला घेतली. शनिवारी कोलाचे होतील. जर्दाळूचे आणि खसखशीचे, दोन्ही. तळघरातला दिवा गेला होता, नवा लावला आहे. बरण्या पुसल्या.

फलकावर पिशवीची फी आहे, मोठ्या सामानाची आहे. रिकाम्या खोक्यांची नाही. शनिवारी फाटकावर फी घ्यायला ओटो बसणार आहे, त्यानं विचारलं की यांचे किती घ्यायचे.

कमिशनर म्हणून मी ठरवलं आहे: पूर्ण घ्यायचे, सवलत कोणाला नाही, भाचीला तर नाहीच.

मावशी म्हणून ते मी भरणार आहे.

वाट बघते.
आर्डिस