मागे राहायचा शब्द

हैद्राबाद,
८ जानेवारी २०२५, बुधवार

चि. दिपे,

नमस्कार लिहावा तर तू लहान, आशीर्वाद लिहावा तर तू हसतेस. दोन्ही अर्धे-अर्धे घे. खांदा कसा आहे? प्लास्टर नाही, नुसता पट्टा बांधलाय असं तुझ्या लेकीने, ईराने सांगितलं. पट्ट्याखाली खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस, तुझा काही भरवसा नाही.

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुखत असेल. म्हणून हे पत्र. बंडूजींना केवढा आनंद झाला म्हणून सांगू! छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस, पंक्चरच्या डब्याशेजारी अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा घेऊन सायकलवर कन्याकुमारीला निघालाय. म्हणाले, "फोन त कोणीबी करते शरयूताई, कागदावर लिवा. कागद हाती राह्यते." तेव्हापासून रोज संध्याकाळी विचारतात, लिहिलं का, लिहिलं का. शेवटी आज बसले.

आमचं बरं चाललंय. कामारेड्डीपर्यंत वारा पाठीवर होता, मग हैद्राबादच्या वाहनांनी जीव नकोसा केला. बंडूजींनी बिर्याणीच्या हॉटेलात बसून वेटरला विचारलं, "साधं वरण भेटन काय?" तो बिचारा चार वेळा आत जाऊन आला. वेदश्री हसली नाही. ती आता आमची हेडमास्तरीणच झालीये. साडेपाचला शिटी, सहाला चाकं रस्त्यावर. जेवायला बसलो की टेबलाला चौथी खुर्ची असते आणि तिच्यावर आम्ही हेल्मेटं ठेवतो.

तिने नियम आणखी कडक केलाय. नारिंगी जाकीट घालून सगळ्यात मागे चालणाऱ्याने, आपल्या भाषेत शेपटाने, कुणालाही मागे टाकायचं नाही. पुढचा देवाची शपथ घालून 'जा' म्हणाला तरी नाही. तो थांबला की आपण थांबायचं आणि शिटी मारून सगळ्यांना थांबवायचं. तसा हा नियम आधीही होताच. पण ती म्हणते, "दिपालीताईंनी शेपटाले पुढे पाठवाले नोको होतं." ती हे बोलली की मी विषय बदलते.

त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. रस्ता म्हटला की होतं असं कधी कधी. पडलीस, हाड मोडलं, जुळून येईल. गजेंद्रभाऊ गाडी घेऊन इतक्या लांब धावत आले, हे काय थोडं झालं? दूध पी, अंगावर काढू नकोस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
शरयूताई

---

अनंतपूर,
१४ जानेवारी, संक्रांत

दिपे,

तिळगूळ घे. गोड बोल असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. बंडूजींच्या घरचे लाडू तेराव्या दिवशी इतके कडक झाले होते की वेदश्रीने एक पान्याने फोडला. इथे दारोदारी केवढाल्या रांगोळ्या! एका बाईने आम्हाला थांबवून हातावर गोड पोंगल ठेवलं. ती तेलुगू, मी मराठी, दोघी नुसत्या माना हलवत होतो. तू असतीस तर तिच्या लेकीबाळींची नावंसुद्धा काढून घेतली असतीस.

त्या हातावरच्या घासावरून काकू आठवल्या. निघायच्या दिवशी पिपरीच्या तुमच्या फाटकात त्यांनी तुझ्या हातावर दही घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शरयू, सुनेले तुह्या भरवशावर सोडून राह्यली मी. गजेंद्र नाई म्हणे, मीच हो म्हटलं." आणि मी तोऱ्यात म्हटलं, "काकू, मी तिच्या मांगंच राहीन. तिले दिसन नाई, पण मी असन." तू तेव्हा हवा भरत होतीस. ऐकलंस की नाही कोण जाणे.

एक विचारायचं होतं. चढावर तुझी चेन उतरली तेव्हा तू हात वर केला होतास. मला वाटलं तू 'जा, मी आलेच' म्हणतेस. तू तसंच म्हणत होतीस ना? लांबून नीट कळत नाही गं. वाराही होता.

असो. उद्या बंगळूरच्या रस्त्याला लागू. माझा उजवा गुडघा कुरकुरतो आहे, त्याला मी रोज शिव्या घालते आणि तो रोज चालतो. तुझ्याकडे हळदीकुंकू कधी आहे? एका हाताने वाण देऊ नकोस, ईराला पुढे कर.

शरयूताई

---

मदुराई,
२२ जानेवारी

दिपाली,

परवा ईराचा फोन आला. "शरयूकाकू, तुमी आईसंग बोला ना," म्हणाली आणि रडायलाच लागली. मग सगळं कळलं. हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या आणि काकूंनी एकेकीला सांगितलं, "आमच्या सूनबाईनं मांगच्या बाईले पुढे धाडलं, म्हणून आपटली. माह्या शब्दाची माती केली." आणि तू डाव्या हाताने कुंकू लावत होतीस. सायकल माळ्यावर गेली. ऑफिसला गजेंद्रभाऊ नेतात, गजेंद्रभाऊ आणतात, दुकान गड्यावर टाकून. खांदा बरा झाल्यावरही हेच राहणार म्हणे. "एकटं सोडाच्या लायकीची नाई," असं ते ईरासमोर म्हणाले. आणि तू काहीच बोलली नाहीस.

तू का बोलत नाहीस ते मला ठाऊक आहे. माझ्यासाठी गप्प आहेस.

आता ऐक. मी तुला अनंतपूरहून विचारलं ना, तू 'जा' म्हणत होतीस ना म्हणून? लाज वाटायला पाहिजे मला. हाड मोडून घरी बसलेल्या बाईकडून मी माझं खोटं वदवून घ्यायला निघाले होते.

तू पडलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आदिलाबादच्या लॉजवर वेदश्रीने मला सलग तिसऱ्या दिवसासाठी जाकीट दिलं. ठरलं होतं पाळीपाळीने. तू हसून म्हणालीस, "शरयूताई म्हणजे आपली मालगाडी. मांगं राह्यली तरी पोचते." सगळे हसले, मीही हसले. दिपे, मला ते लागलं. एकोणसाठ वर्षांची घोडी झाले, पण लागलं. तीस वर्षं शाळेत, मग घरात, सगळ्यांच्या मागचं आवरत आले, आणि इथे हजार मैल जायला निघाले तर इथेही मी सगळ्यांच्या मागेच.

दुसऱ्या दिवशी तू चार वेळा थांबलीस. एकदा मारुतीला, एकदा पेरूला, एकदा फोटोला, आणि एकदा त्या शेळ्या राखणाऱ्या बाईशी बोलायला, तिची भाषा येत नसताना! चारही वेळा मी उन्हात एक पाय टेकून उभी. मनात म्हटलं, वा रे वा, थांबते ही आणि मालगाडी मी.

मग तो चढ आला. त्या दिवशी माझे पाय काय सुरेख चालत होते! मी तुझ्या पुढे कधी निघाले, तेही मला कळलं नाही. मागून खट्ट आवाज आला. मी वळून पाहिलं. तू चेनपाशी उकिडवी बसली होतीस. तू हात वर केलास, आणि बोटं आपल्याकडे वळवलीस. बोलावत होतीस. वारा नव्हता. माह्या डोळ्यावर चष्मा होता. मले चांगलं दिसलं, दिपे. मले दिसलं अन् मी पुढे गेली.

अर्ध्या चढावर जाकीट काढून पिशवीत कोंबलं. वर पोचले तेव्हा बंडूजी टाळ्या वाजवत होते. "वाह शरयूताई, आज त मेल गाडी!" इतकं बरं वाटलं मला, देवाशपथ सांगते, इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. वेदश्रीने विचारलं, दिपालीताई कुठे? आणि मी म्हटलं, "तिनंच मले पुढे जाय म्हटलं. येते ती." खोटं बोलणाऱ्या पोरांना अंगठे धरून उभं करणारी बाई मी.

माझ्या त्या शब्दावर आम्ही तिघं उतार उतरून टपरीवर चहा प्यायला गेलो. तू एकटीने चेन बसवलीस, चढ चढलीस, वर आलीस तर कुणीच नाही. मग घाबरून उतारावर भरधाव सुटलीस आणि गिट्टीवर घसरलीस. पाऊण तास तू तिथे पडून होतीस. एका ट्रकवाल्याने तुला पाहिलं, तोवर माझे दोन चहा झाले होते.

दवाखान्यात गजेंद्रभाऊ तुझ्यावर ओरडले, "तिले पुढे धाडाले तुले कोनं सांगतलं?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. सगळं तुझ्या लक्षात आलं, मी काय सांगून बसले ते. मी खिडकीकडे पाहिलं. तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "चुकलं माझं." ते दोन शब्द रोज पहिल्या चढावर ऐकू येतात मला. मग दिवसभर येत राहतात.

काल जेवताना मी वेदश्रीला आणि बंडूजींना सगळं सांगितलं. वेदश्रीने ताट सारलं, उठली, माझ्या पिशवीतून जाकीट काढून घेतलं आणि "उद्यापासून तुम्ही माझ्या नजरेसमोर चालायचं" एवढंच म्हणाली. बरोबर आहे तिचं. बंडूजी बराच वेळ भातच कालवत बसले. मी म्हटलं, मी उद्या गाडीने वर्ध्याला परत जाते, कन्याकुमारीला जायची माझी लायकी नाही. तेव्हा त्यांनी मान वर केली. "एकीले त सोडलं. आता आमालेबी सोडता काय?" म्हणून पुढे जाते आहे. हौस म्हणून नाही.

हे पत्र मी अंतर्देशीय पत्रावर लिहिलेलं नाही. पाकिटावर नावही तुझं नाही. तुझ्या हाती पडलं असतं तर तू ते वाचून उशीखाली ठेवलं असतंस आणि कुणाला म्हणून दाखवलं नसतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पाकिटावर नाव गजेंद्रभाऊंचं आहे, तेव्हा आतापर्यंतचं सगळं त्यांनी वाचलं असेल.

गजेंद्रभाऊ, तुमच्या बायकोने नियम मोडला नाही. तिने अडचणीत मदत मागितली, ज्या बाईने तिच्या मागे राहायचा शब्द दिला होता तिच्याकडे, आणि त्या बाईने पाठ फिरवली. एकटं सोडायच्या लायकीची नाही ती मी. तिने एकटीने चेन बसवली आणि एकटीने तो चढ चढली, सुनसान रस्त्यावर. तुम्ही तिला काय म्हणालात ते ईराने ऐकलंय. आता हेही ईरासमोरच वाचा. काकूंनाही मोठ्याने वाचून दाखवा, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. काकू, तुमच्या शब्दाची माती मी केली, तुमच्या सुनेने नाही. गल्लीत सांगितलंत ना, तर आता हेही सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

दिपे, तुझ्याकडून मला काही नको. 'असू दे ताई' तर मुळीच म्हणू नकोस, तू ते फार लवकर म्हणतेस. माझ्यासाठी पुन्हा गप्प बसू नकोस, एवढंच. रागाव. चारचौघांत रागाव. मी परतल्यावर आधी तुमच्या फाटकात येईन, मग माझ्या घरी जाईन. काकू बोलतील ते ऐकेन, गजेंद्रभाऊ बोलतील तेही ऐकेन. फाटक उघडायचं की नाही, ते मात्र त्यांनी नाही, तू ठरवायचंस. नाही उघडलंस तरी पुढचा सगळा जन्म मी सांगत राहीन की चूक तुझी नव्हती.

खांद्याला जप. डाव्या हाताने फार ओढाताण करू नकोस.

तू बोलावलेलं दिसूनही थांबली नाही, ती
शरयू