तिसरी पायरी

वॉटरलू,
रविवार, सहा ऑक्टोबर

प्रिय आर्लिस,

तू बरी असशील. मीही बरी आहे, म्हणजे काठी टेकत स्वयंपाकघरातून फाटकापर्यंत जाते आणि परत येताना तिला दोन शिव्या देते. माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांनी परवा सूप पाठवलं होतं. मी नसले की त्या मीठ घालायचं विसरतात, एवढं त्या सुपावरून कळलं. तुझे भोपळे यंदा कसे धरलेत?

हे पत्र लिहायला मला मनाई आहे. माझे वकील प्रुइट यांनी बजावलंय, "नडीनबाई, बहिणीला फोन नाही, चिठ्ठी नाही. जे लिहाल ते समोरचा वकील मागून घेऊ शकतो." तेव्हा समोरचे वकीलसाहेब, तुम्ही वाचत असाल तर नमस्कार. मजकूर बहिणीसाठी आहे, पण खुशाल वाचा.

आर्ली, एप्रिलात तुझ्या दारातल्या पायरीवरून पडून माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हॉस्पिटलात तूच म्हणालीस ना, "कर की दावा. घराचा विमा काय शोभेला भरते मी?" आपण दोघी हसलो होतो. मग कागद आले. त्यात विमा कंपनीचं नाव कुठेच नाही, ठळक अक्षरांत 'नडीन हॉफर विरुद्ध आर्लिस टेग्मायर'. दावा घराच्या मालकिणीवरच करावा लागतो म्हणे. मला आधी कळलं असतं तर तुला समोर बसवून सांगितलं असतं, पण मला तरी कुठे ठाऊक होतं? त्या दिवसापासून तुझा फोन नाही. डेलमारला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीही कबरीवर तू एकटीच गेलीस. नवरा तुझा होता, पण माझाही तो कुणीतरी होताच. ते मला फार लागलं. लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको.

प्रुइट म्हणतात, नुसतं पडून भागत नाही. पायरी हलते हे तुमच्या बहिणीला माहीत होतं आणि तरी तिने ती दुरुस्त करून घेतली नाही, हे दाखवायला लागतं. याला कोर्टात निष्काळजीपणा म्हणतात. तो सिद्ध झाला नाही तर तुझी विमा कंपनी हात वर करणार, आणि माझं दुसरं ऑपरेशन राहिलं. डॉक्टर सांगतात, हाडात बसवलेला खिळा सरकलाय. तसाच ठेवला तर शाळेच्या शेगड्यांसमोर उभं राहणं विसरायचं. घरी बसून मी काय करू? भिंतींना सूप पाजू?

मग तुझी शपथेवरची उत्तरं आली. पायरी सैल असल्याचं तुम्हाला ठाऊक होतं का? नाही.

मी चष्मा काढून ठेवला. तू खोटं बोललीस की मला तुझ्या आवाजावरून कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून तुझं फावलं.

आधी वाटलं, वकिलाने पढवलं असेल. मग तुझा दरवाजा डोळ्यांसमोर आला. त्या पायऱ्या डेलमारने स्वतःच्या हाताने केल्या, आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात. कुणी सुतार बोलव म्हटलं की तू फटकारायचीस, "त्याच्या कामाला कुणी हातोडा लावायचा नाही." पायरी खराब म्हटली तर डेलमार वाईट सुतार ठरतो, असंच ना? अगं, तो वाईट सुतार होताच. त्याने केलेलं माझं कपाट अजून तिरकं उभं आहे. पण माणूस लाखाचा होता. त्या वाकड्या कपाटात मी अजून माझी चांगली बशी ठेवते.

आता इतका वेळ जे टाळलं ते सांगते.

ईस्टरच्या सकाळी तू माझ्या फोनवर निरोप ठेवला होतास. तो माझ्याकडे आहे. "नडीन, तिसरी पायरी हलतेय गं. भिंतीकडून चढ. आणि काकडीचं लोणचं विसरलीस तर दारातूनच परत पाठवीन." मी तो घरून निघायच्या आधी ऐकला होता. मग तुझ्या अंगणात आले, दोन्ही हातांत हॅमचं भांडं, आणि तू दारात उभी. डेलमारची टोपी घालून हसत होतीस. तो गेल्यापासून तुला हसताना मी पाहिलं नव्हतं. मी तुझ्याकडे बघत राहिले, पायाखाली बघितलंच नाही. म्हणजे दोष माझाही आहे, आणि तेही मी शपथेवर सांगणार आहे.

शुक्रवारपर्यंत माझ्याकडचं सगळं प्रुइट यांच्या हवाली करायचं आहे, ते पुढे तुझ्या वकिलाकडे जाणार. त्यात हा निरोपही आला. पुसून टाकला तर मीही खोटी. दिला तर तुझं 'नाही' खोटं. मी तो रोज ऐकते, आर्ली. ज्या बोलण्यात माझी एवढी काळजी आहे, त्याच बोलण्याने तुझा निष्काळजीपणा सिद्ध होतो. यावर रडावं की हसावं, मला कळत नाही. काल रडले.

प्रुइटना मी आडून विचारलं, "समजा एखादीला मागाहून आठवलं तर?" ते माझ्याकडे जरा रोखून बघत म्हणाले, "तिने आपणहून उत्तर दुरुस्त केलं तर बहुतेक लोक समजून घेतात. पुरावा समोर आल्यावर केलं तर कुणी समजून घेत नाही."

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवार तुझा आहे. तुझ्या वकिलाला फोन कर आणि सांग, मला माहीत होतं. का दुरुस्त केली नाही, तेही सांग. डेलमारचं नाव घेऊन सांग. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मला जिंकायचं नाही, असं म्हणणार नाही. ऑपरेशन हवंच आहे, खोटं कशाला बोलू? पण तुला कोर्टात कुणी परक्याने खोटारडी म्हटलं तर मला ते ऐकवणार नाही. तुला खोटारडी म्हणायचा हक्क लहानपणापासून माझा एकटीचा आहे.

एप्रिलात तू मला आधी सांगितलं होतंस. मी ऐकलं आणि विसरले. आता मी तुला आधी सांगतेय. तू तरी विसरू नकोस.

भिंतीकडून चढ, आर्ली.

तुझी
नडीन