पान शहाऐंशी

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
६ मे

प्रिय मंजिरी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझं वाचन सत्तराव्या पानाच्या आसपास आलेलं असेल. रोज दहा पानं, संध्याकाळच्या चहाआधी, असं तू ग्रुपवर लिहिलं आहेस. तू एकदा ठरवलंस की त्यात बदल होत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून आधी विनंती करते. पंच्याऐंशीव्या पानावर थांब. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग पुढे जायचं की नाही ते तुझं तू ठरव. सरोजिनीला म्हातारचळ लागला असं वाटेल, तर वाटू दे. फोन का नाही केला, असंही विचारशील. फोनवर मी काय करते ते तुला ठाऊक आहे. बोलायचं ते बाजूला राहतं आणि मी लोणच्यात मोहरी किती घातली ते सांगत बसते.

आमच्या वाचनमंडळाची पद्धत निधीने तुला कळवलीच असेल. निधी म्हणजे आमच्या मंडळातल्या मंदाताईंची भाची, सिटी सेंटरच्या एका बँकेत आहे; लिंक पाठवणं, फायली चढवणं, सगळं तिच्याकडे. आम्ही नऊ जण. दर महिन्याला एकाची पाळी, त्याने पुस्तक निवडायचं, एक तारखेपर्यंत गुपित ठेवायचं, आणि ते आवडो न आवडो, बाकीच्यांनी वाचायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता सगळे आपापल्या स्क्रीनसमोर बसतो. नियम एकच, तोही रघुनाथरावांचा. त्यांचा जन्म कोर्टाच्या कचेरीत गेला, त्यामुळे नियमाशिवाय त्यांना घास उतरत नाही. जो पुस्तक निवडेल त्याने ते आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं पाहिजे, आणि का निवडलं ते चार ओळींत लिहिलं पाहिजे. हा नियम मी मोडला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

एप्रिल माझा होता. मार्चची वीस तारीख उलटली तरी माझं ठरेना. खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. मंदाताई नेहमी बक्षीस मिळालेलं पुस्तक निवडतात आणि वर आम्हाला समजावून सांगतात. मला असं काही हवं होतं की जे कुणी ऐकलंही नसेल. दौलतगंजात रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात ते सापडलं. 'मागल्या दाराची कडी', एकशे चाळीस पानं, लेखिकेच्या नावाच्या जागी 'एक गृहिणी' एवढंच, इथल्या लश्कर भागातल्याच कुठल्याशा छापखान्यात १९६१ साली छापलेलं. आपल्या जन्माचं साल, म्हणून मला गंमत वाटली. निधीने शिकवलं होतं तसे फोनवर पानांचे फोटो काढले. तीन दुपारी लागल्या. टीव्हीवर मालिका चालू, हाताने पान उलटायचं, टिचकी मारायची. वाचलं मात्र एक ओळही नाही. निधीने फाइल बनवली आणि मी खाली लिहून मोकळी झाले, 'वाचताना डोळे भरून आले.' रघुनाथरावांनी त्यावर अंगठाही दिला. खोटं पचलं म्हणून मी जरा खूशच होते.

मग वाचायचं राहूनच गेलं. घरी सून आणि नातू आले, ते गेले, मग पाण्याची टाकी फुटली. एप्रिलचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा पुस्तक टेबलावर तसंच पडलेलं होतं. म्हटलं, निवडणाऱ्याने शेवटी बोलायचं असतं, तोवर इतरांचं ऐकून चार वाक्यं जुळवता येतील. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटली होती, पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. नऊ चौकोनांत नऊ चेहरे. सुरुवातीची दहा मिनिटं भाषा जुनी आहे का, यात गेली. मग मंदाताई म्हणाल्या की त्यांच्या मते सगळं पुस्तक एका प्रसंगावर उभं आहे, तो पत्राचा. आणि सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे, ती बाई दुष्ट नाही. कुणी म्हणे, पत्र फडताळातल्या कागदाखाली सरकवून ठेवणं म्हणजे फाडून टाकण्यापेक्षा वाईट. मंदाताई हात वर करून म्हणाल्या, "आणि मैत्रीण दारात आली तेव्हा ही आतूनच काय सांगते? हाताला कणीक लागली आहे, उद्या ये. हात तर कोरडे असतात! तेसुद्धा लिहिलंय बाईने."

माझ्या अंगावर काटा आला, मंजिरी. कूलरसमोर बसले होते म्हणून नाही. मी मान डोलावली. निधी म्हणाली, "काकू, वो वाला पेज तर मी दोनदा वाचला." रघुनाथराव, जे कुठल्याच पुस्तकाबद्दल कुणाशी सहमत होत नाहीत, तेही म्हणाले की हा प्रसंग खरा वाटतो, कुणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून असं लिहिणार नाही. शेवटी माझी पाळी आली. मी नेटवर्क जातंय म्हणून बंद केलं.

नंतर पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा वाचायला बसले. साधी गोष्ट आहे, दोन मैत्रिणी, एक गल्ली, लग्नं, बाळंतपणं. पंच्याऐंशीव्या पानावर पोस्टमन दारात येतो, तिथे पान संपतं. उलटलं तर समोर अठ्ठ्याऐंशी. तिथे कुणाचं तरी बारसं चाललेलं. मधली दोन पानं गेली कुठे, म्हणून बोटांनी चाचपडून पाहिलं. ती पुस्तकातच आहेत. जुन्या पुस्तकांत छापलेल्या कागदाची घडी घालून शिवायचे आणि मग कडा कापायचे; एखादी घडी कापायची राहून जाई. तशी ही राहिलेली आहे. वरून आणि बाजूने कागद जोडलेला, शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी आतमध्ये बंद. चौसष्ट वर्षांत ती कुणी उघडलेली नाहीत. माझ्या फोनसमोर ती कधी आलीच नव्हती. फाइलमध्ये मोजलं तर एकशे अडतीस पानं.

मी निधीला फोन केला आणि त्या पानाचा फोटो पाठव म्हटलं, कारण दिलं की माझा चष्मा सापडत नाही. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, जरा हसत. पंच्याऐंशीनंतर डायरेक्ट अठ्ठ्याऐंशी आ रहा है, म्हणाली, शायद आधीच्या फाइलमध्ये असेल. आधीची फाइल नव्हतीच, फाइल एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गल्ल्या सोडून मंदाताईंकडे गेले. त्या मास्तरीणबाई, वाचताना वहीत टिपणं काढतात. वही मागितली. निळ्या शाईत, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'पृ. ८६. कणकेचे हात. पृ. ८७. फडताळ, कागदाखाली.' त्यांनी टॅबवर पान शोधलं, बोटाने पानं वर सरकवली, खाली सरकवली, मग माझ्याकडे बघून चिडल्या. त्यांचं म्हणणं की चर्चेनंतर मीच ते पान फाइलमधून काढलं. फाइलमधून पान कसं काढतात हे मला येत नाही, हे त्यांना पटवायला चहाचे दोन कप लागले. आता त्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

तेव्हापासून पुस्तक टेबलावर आहे. खालच्या बाजूने घडी उघडी आहे, बोट घातलं तर फट पडते आणि आत छापलेलं काळं काळं दिसतं, अक्षर मात्र लागत नाही. भाजीची सुरी दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली. मला भीती वाटते, आणि ती भुताखेताची भीती नाही. दिवसाढवळ्या, कामवाली भांडी घासत असताना वाटते. तुला वाटेल, दरवर्षी भाऊबीजेला तू संध्याकाळी चंद्राला ओवाळलंस की मला फोन करतेस आणि मी तो उचलत नाही, दुसऱ्या दिवशी करते, त्याचा याच्याशी काय संबंध. संबंध आहे. बेचाळीस भाऊबिजा झाल्या, त्या दिवशीचा तुझा एकही फोन मी उचललेला नाही.

मंडळात ये, ये, म्हणून मी तुझ्या दोन वर्षं मागे लागले होते. तू नेमकी आता आलीस. आणि आल्या आल्या काय लिहिलंस, की मेचं पुस्तक मागाहून, आधी माझ्या सरोजिनीने निवडलेलं वाचते. मी त्याच क्षणी निधीला फाइल काढून टाकायला लावली. पण तुझे डोळे दुखतात म्हणून तू ती सकाळीच दुकानातून छापून आणली होतीस. नागपुरात ऊन किती आहे ते लिहून पुढे तू लिहिलंस, 'दुकानदाराने छान शिवून दिलं, एकशे चाळीस पानं.' ते मी चार वेळा वाचलं. फाइल एकशे अडतीस पानांची होती, मंजिरी. तुझ्याकडे दोन पानं जास्त आहेत. तू मोजण्यात कधी चुकत नाहीस, आणि या वेळी तू चुकली असशील अशी आशा करत बसायची हिंमत आता माझ्यात नाही. दहा दहा पानांनी तू त्या पानाकडे चालली आहेस. तिथे पोहोचलीस की तुला ती बाई ओळखू येईल. ओळखायचीच असेल तर आधी माझ्या तोंडून ओळख.

१९८३ च्या जूनमध्ये, परीक्षेत नापास झाल्याचं लपवलं म्हणून तुझ्या वडिलांनी, नानांनी 'तोंड दाखवू नकोस' म्हटल्यावर अंबरीश घर सोडून गेला. त्यानंतर अकराव्या दिवशी त्याचं पत्र आलं. नाना घरात येणारं प्रत्येक पाकीट आधी स्वतः फोडायचे, म्हणून त्याने ते माझ्या पत्त्यावर पाठवलं. वर लिहिलं होतं, 'मंजिरीस द्यावे.' मी ते उजेडात धरलं, उलटसुलट केलं. माझ्यासाठी एक शब्द नव्हता. तुला मी कधी कळू दिलं नाही, पण तुझ्या भावावर माझा जीव होता आणि त्याला ते माहीत होतं. न सांगता गेला, आणि वर मलाच पोस्टमन केलं. मला राग आला. एक दिवस हिलाही वाट बघू दे, असं मनात आलं, फक्त एक दिवस. संध्याकाळी तू दारात येऊन विचारलंस, त्याचं तुझ्याकडे काही आलं का. मी काय सांगितलं ते आता तुला माहीत आहे. माझे हात कोरडे होते. उद्या आला, पण त्या दिवशी नानांनी अंथरूण धरलं आणि तू आलीच नाहीस. मग आठवडा झाला, मग उशीर का केला हे सांगावं लागलं असतं, आणि मग नाना गेले. तुम्ही त्याला मुंबईत शोधलंत, तिथल्या पेपरात जाहिरात दिलीत, आणि अक्षर चांगलं म्हणून ती जाहिरात मीच लिहून दिली. पाकिटावर शिक्का रायपूरचा होता. लग्नानंतर मी तीन घरं बदलली आणि प्रत्येक घरात ते कागदाखाली ठेवलं. जाळावंसं वाटलं नाही, द्यावंसं वाटलं आणि दिलं नाही. माफी मागण्याइतकं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही. पुस्तकाची घडी मी अजून कापलेली नाही, आता कापणारही नाही. सोबतच्या जाड लिफाफ्यात अंबरीशचं पत्र आहे. मी ते कधीच उघडलं नाही. आत पत्ता असेल. तो आता सहासष्ट वर्षांचा असेल. मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी ते उघड.

तुझीच म्हणवून घ्यावं की नाही, हे तुझ्यावर सोडलेली,
सरोजिनी